स्प्रेडशीट-फाईलींमधील दुवे आणि त्यांचे स्थलांतर : नेवासा येथील उत्खननाच्या नोंदींच्या संदर्भात एक विवेचन

प्रवरेच्या काठी वसलेले नेवासा हे गाव महाराष्ट्राला प्रथम आठवते ते ज्ञानेश्वरीची जन्मभूमी म्हणून. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रतींवरून प्रती होत गेल्या, त्यांत पाठभेद शिरले, आणि शके 1506 मध्ये एकनाथांना ग्रंथाचे शुद्धीकरण हाती घ्यावे लागले. प्रत करणे ही क्रिया दिसते तितकी निरुपद्रवी नसते, हा धडा अशा रीतीने नेवाशाच्या इतिहासाशी प्रारंभापासून निगडित आहे.

पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला हे गाव आणखी एका कारणाने परिचित आहे. येथील लाडमोड नावाच्या टेकाडावर 1954 ते 1956 या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. त्याचा सविस्तर अहवाल सांकलिया, शां. भा. देव, झै. दा. अन्सारी आणि सोफी एर्हार्ट यांच्या नावे पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने 1960 मध्ये प्रसिद्ध केला. नदीकाठच्या थरांतील अश्मयुगीन हत्यारांपासून ताम्रपाषाणयुगीन वस्ती, आद्य ऐतिहासिक व इंडो-रोमन काळ आणि त्यानंतर बऱ्याच खंडाने आलेला मुस्लिम-मराठा काळ, असा क्रम या अहवालाने अभ्यासकांपुढे मांडला.

अशा उत्खननातून निघालेल्या वस्तूंचे मोल त्या वस्तूंत जितके असते, तितकेच त्यांच्या नोंदींच्या परस्परसंबंधांत असते. ताम्रपाषाणयुगीन बालदफनाच्या संदर्भात नेवासे येथे तांब्याचे मणी मिळाले आणि त्यांत टिकून राहिलेल्या धाग्याच्या परीक्षणात सुती व रेशमी तंतूंचा निर्देश झाला. हा निर्देश महत्त्वाचा ठरला, कारण मण्याची नोंद दफनाशी, दफनाची नोंद थराशी आणि थराची नोंद कालखंडाशी जोडलेली होती. ही साखळी तुटली असती, तर उरला असता तो केवळ काळ न ठरवता येणारा एक धागा.

आज अशा नोंदी बहुधा स्प्रेडशीटमध्ये ठेवल्या जातात. उत्खननाच्या साहित्यावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी मोजमापे, वर्गवारी व बेरजा यांसाठी एक्सेल किंवा तत्सम साधन वापरतो, आणि एक फाईल दुसरीतील मूल्ये वाचेल अशी योजना करतो. हा संबंध फाईलींची प्रत नव्या फोल्डरमध्ये करताना कसा टिकतो, कसा बिघडतो आणि बिघडल्याचे ध्यानात का येत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दुवा म्हणजे काय

1979 मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिझिकॅल्क हे वैयक्तिक संगणकावरील पहिले स्प्रेडशीट प्रचारात आणले. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल 1985 मध्ये आले. स्प्रेडशीटचे मूलतत्त्व असे की, एका सेलमधील सूत्र दुसऱ्या सेलमधील मूल्य वाचते आणि ते मूल्य बदलले की सूत्राचे उत्तरही बदलते. हेच तत्त्व फाईलीच्या मर्यादेबाहेर नेले की त्याला बाह्य दुवा किंवा लिंक म्हणतात. मूल्य पुरविणाऱ्या फाईलीला येथे स्रोत-फाईल आणि ते वाचणाऱ्या फाईलीला अवलंबी फाईल असे म्हटले आहे.

स्पष्टीकरणासाठी एक कल्पित योजना घेऊ. एका अभ्यासकाने तीन फाईली केल्या आहेत. ‘थरसूची’ या फाईलीत प्रत्येक चरातील प्रत्येक थर कोणत्या कालखंडाचा, हे नोंदविले आहे. ‘खापरनोंद’ या फाईलीत प्रत्येक खापराचा क्रमांक, चर, थर व खोली दिली असून त्याचा कालखंड दुव्याच्या द्वारे ‘थरसूची’मधून घेतला जातो. ‘सारांश’ ही तिसरी फाईल ‘खापरनोंद’ वाचून प्रत्येक कालखंडातील खापरांची संख्या देते. थराच्या कालनिर्णयात बदल झाला तर तो एकाच जागी करावा आणि पुढील सर्व कोष्टके आपोआप सुधारावीत, हा या योजनेचा हेतू होय. हेतू उत्तम आहे. परंतु तो सफल होणे दुव्याच्या प्रकृतीवर अवलंबून आहे.

ही प्रकृती दोन गोष्टींनी बनते. पहिली अशी की दुवा म्हणजे स्रोत-फाईलीचा पत्ता. तिचा मजकूर नव्हे. दुसरी अशी की एक्सेल त्या पत्त्याबरोबर शेवटच्या वेळी वाचलेली मूल्येही अवलंबी फाईलीत साठवून ठेवते. त्यामुळे स्रोत-फाईल बंद असली, दूर असली, किंबहुना नष्ट झाली असली, तरी अवलंबी फाईल उघडल्यावर आकडे पूर्ववत दिसतात. ही सोयच पुढे धोक्याचे कारण ठरते. पोथीची प्रत करणाऱ्याच्या पुढे सर्व मजकूर एका जागी असतो. दुवे असलेल्या फाईलीची प्रत करणाऱ्याच्या हाती येतो तो मजकुराचा काही भाग, काही पत्ते आणि त्या पत्त्यांवरून पूर्वी आलेल्या मूल्यांची स्मृती.

पत्ता कसा साठविला जातो

एक्सेल सर्वच पत्ते एका पद्धतीने साठवीत नाही. स्रोत-फाईल व अवलंबी फाईल एकाच फोल्डरमध्ये असतील, अथवा स्रोत-फाईल त्याच फोल्डरच्या पोटातील एखाद्या उपफोल्डरमध्ये असेल, तर पत्ता सापेक्ष राहतो. म्हणजे ‘येथेच शेजारी’ किंवा ‘येथून एक पायरी आत’ अशा स्वरूपाचा असतो. स्रोत-फाईल याहून अन्यत्र असेल, उदाहरणार्थ शेजारच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये, तर ड्राइव्हच्या मुळापासूनचा मार्ग साठविला जातो. सूत्रपट्टीत स्रोत-फाईल बंद असताना नेहमी पूर्ण मार्गच दिसतो. त्यामुळे आतील पत्ता सापेक्ष आहे की पूर्ण, याचा उलगडा केवळ सूत्राकडे पाहून होत नाही.

या भेदाचा परिणाम प्रत करताना दिसतो. तिन्ही फाईली एकाच फोल्डरमध्ये असून तो फोल्डर संपूर्ण उचलून नव्या जागी प्रत केला, तर सापेक्ष पत्त्यामुळे नवी ‘सारांश’ ही नव्या ‘खापरनोंद’कडे वळते. परंतु ‘थरसूची’ एका फोल्डरमध्ये आणि ‘खापरनोंद’ त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये असेल, तर दोन्ही फोल्डर एकत्र प्रत करूनही नवी ‘खापरनोंद’ जुन्याच ‘थरसूची’कडे पाहत राहू शकते.

‘सेव्ह ॲज’ या आज्ञेचे वर्तन आणखी वेगळे आहे. अवलंबी फाईल उघडून तिला ‘सेव्ह ॲज’ने नव्या फोल्डरमध्ये ठेवले, तर एक्सेल पत्त्याची पुनर्रचना करून दुवा मूळच्या स्रोत-फाईलीकडेच कायम ठेवते. याच्या उलट, दोन्ही फाईली उघड्या असताना स्रोत-फाईल ‘सेव्ह ॲज’ने नव्या नावाने वा नव्या जागी ठेवली, तर उघड्या अवलंबी फाईलीतील दुवा नव्या स्रोताकडे जातो. अवलंबी फाईल त्या वेळी बंद असेल, तर तिला या बदलाची वार्ताही नसते. सारांश, फाईली हलविण्याची कृती एकच भासली तरी ती फोल्डरच्या प्रतीने केली की ‘सेव्ह ॲज’ने, आणि कोणत्या फाईली उघड्या असताना केली, यावर फल भिन्न होते.

तुटलेला दुवा आणि खोटा दुवा

दुवा बिघडण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांत विवेक करणे अत्यंत आवश्यक आहे. पहिला प्रकार तुटलेल्या दुव्याचा. फाईली दुसऱ्या संगणकावर नेल्या, तेथे जुना मार्ग अस्तित्वात नाही. अद्ययावतीकरण करू जाता एक्सेल स्रोत सापडत नसल्याचे कळविते. हा बिघाड त्रासदायक असला तरी प्रामाणिक आहे, कारण तो स्वतःची जाणीव करून देतो.

दुसरा प्रकार खोट्या दुव्याचा. त्याच संगणकावर जुना फोल्डर अद्याप शाबूत आहे. नव्या फोल्डरमधील अवलंबी फाईल जुन्या स्रोताकडे जाते, तो तिला सापडतो, मूल्ये यशस्वीरीत्या वाचली जातात आणि कसलीही तक्रार उमटत नाही.

पूर्वोक्त कल्पित योजनेत समजा की एका चरातील सातवा थर आरंभी ताम्रपाषाणयुगीन मानला होता आणि त्या कालखंडातील खापरांची बेरीज 318 येत होती. पुढे छेदचित्रांचे पुन्हा परीक्षण केल्यावर, ज्यास थर समजले तो वरच्या आद्य ऐतिहासिक वस्तीतून खाली खणलेल्या खड्ड्याचा भराव असल्याचे ठरले. त्यातील 42 खापरे आद्य ऐतिहासिक काळात गेली पाहिजेत, आणि ताम्रपाषाणयुगीन बेरीज 276 झाली पाहिजे. अभ्यासकाने प्रबंधासाठी केलेल्या नव्या फोल्डरमधील ‘थरसूची’त ही दुरुस्ती केली. परंतु नवी ‘खापरनोंद’ जुन्या ‘थरसूची’शी जोडलेली असल्याने ‘सारांश’मध्ये 318 हाच आकडा राहिला. प्रबंधाचे विवेचन दुरुस्त कालनिर्णयावर आणि कोष्टक अदुरुस्त कालनिर्णयावर, अशी विसंगती निर्माण झाली. कोष्टक नीटनेटके, सूत्रे निर्दोष, बेरीजही बरोबर. चूक आहे ती पत्त्यात, आणि पत्ता छापील पानावर दिसत नाही.

यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. दुव्यांची साखळी असेल, तेव्हा एका टोकाचे अद्ययावतीकरण आपोआप संपूर्ण साखळीभर पोहोचत नाही. ‘सारांश’ अद्ययावत करताना एक्सेल बंद असलेल्या ‘खापरनोंद’ फाईलीत शेवटी साठविलेली मूल्ये वाचते. ती फाईल उघडून स्वतः ‘थरसूची’कडून नवी मूल्ये घेत नाही. म्हणून सर्व पत्ते बिनचूक असूनही, ‘खापरनोंद’ आधी उघडून, अद्ययावत करून साठविली नसेल, तर ‘सारांश’ जुनाच आकडा सांगेल. साखळी नेहमी उगमाकडून मुखाकडे अद्ययावत करावी.

दुवा टाळणे हा उपाय नव्हे

हे सर्व पाहून दुवेच नकोत, मूल्ये हाताने एका फाईलीतून दुसरीत चिकटवावीत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्याविरुद्ध एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जेपी मॉर्गन चेस या अमेरिकन बँकेच्या लंडन शाखेतील व्यवहारांत 2012 मध्ये सुमारे 6 अब्ज डॉलरांहून अधिक हानी झाली. त्यासंबंधी बँकेनेच 2013 च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की, जोखीम मोजण्याची नवी पद्धती अनेक एक्सेल-फाईलींच्या मालिकेवर चालत असे आणि एका फाईलीतील आकडे दुसरीत हाताने प्रत करून चिकटविले जात. याच पद्धतीत सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागल्याची चूकही आढळली, आणि तिच्यामुळे जोखीम असावी त्याहून कमी दिसत होती. हानीचे मूळ कारण हे नव्हते. परंतु धोक्याची सूचना देणारे साधनच त्यामुळे दुबळे झाले. हाताने चिकटविलेल्या आकड्याला पत्ताच नसतो. तो कोठून व केव्हा आला, हे मागाहून कोणीही सांगू शकत नाही. दुव्याचा पत्ता चुकीचा असला तरी तो तपासता येतो.

प्रतीचा हेतू आणि तदनुरूप पद्धती

प्रत करण्यापूर्वी एका प्रश्नाचा निर्णय झाला पाहिजे : ही प्रत पुढे वाढणार आहे, की एका विशिष्ट दिवशीची स्थिती जपण्यासाठी आहे? पहिलीला जिवंत प्रत आणि दुसरीला स्थिर प्रत म्हणता येईल. दोहोंची आवश्यकता संशोधनात असते. त्यांची सरमिसळ मात्र घातक ठरते.

जिवंत प्रतीसाठी परस्परसंबद्ध सर्व फाईली प्रथमपासून एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. वर्गवारी हवीच असल्यास अवलंबी फाईल वरच्या फोल्डरमध्ये आणि स्रोत-फाईली तिच्या उपफोल्डरमध्ये असाव्यात. प्रत करताना एकेक फाईल न उचलता सर्व फाईली बंद करून संपूर्ण फोल्डर उचलावा आणि आतील नावे बदलू नयेत. नाव बदलणे अपरिहार्य असेल, तर अवलंबी फाईल उघडी असताना ‘सेव्ह ॲज’ने बदलावे, अथवा बदलल्यानंतर ‘डेटा’ या विभागातील ‘एडिट लिंक्स’ या आज्ञेने, जिला नव्या आवृत्त्यांत ‘वर्कबुक लिंक्स’ असे नाव आहे, ‘चेंज सोर्स’ निवडून नवा स्रोत दाखवावा. ज्यांची नावे एकच आहेत अशा दोन फाईली एक्सेल एकाच वेळी उघडू देत नाही. तुलनेसाठी जुनी व नवी ‘थरसूची’ एकत्र पाहावयाची असल्यास एकीची वेगळ्या नावाची तात्पुरती प्रत करावी लागते.

स्थिर प्रतीसाठी, म्हणजे सादर केलेल्या प्रबंधाच्या कोष्टकांसाठी, ‘ब्रेक लिंक’ ही आज्ञा उपयोगी पडते. तिने बाह्य सूत्रे काढली जाऊन त्यांच्या जागी मूल्ये राहतात. ही क्रिया मागे फिरविता येत नाही. म्हणून ती मूळ फाईलीवर न करता वेगळ्या प्रतीवरच करावी, आणि तीपूर्वी संपूर्ण साखळी अद्ययावत करून घ्यावी. अन्यथा जुनाच आकडा कायमचा गोठतो. अशा प्रतीच्या पहिल्या पानावर स्रोत-फाईलींची नावे, त्यांचे स्थान व दिनांक लिहून ठेवावेत. पुरावस्तूवर चर, थर व खोली यांची चिठ्ठी बांधण्याचा जो हेतू, तोच या टिपणाचाही होय.

अन्य साधनांचे वर्तन थोडे निराळे आहे. लिब्रे-ऑफिस कॅल्कमध्ये पत्ते सापेक्ष साठविण्याची निवड उपलब्ध असते. गूगल शीट्समध्ये ‘इम्पोर्ट-रेंज’ हे सूत्र स्रोताला त्याच्या वेबवरील पत्त्याने ओळखते आणि फोल्डरचा विचारच करीत नाही. तेथे संपूर्ण संचाची प्रत केली, तरी प्रत केलेली सूत्रे जुन्या स्रोताकडेच राहतात. प्रत्येक सूत्रात नवा पत्ता घालून वाचनाची अनुमती पुन्हा द्यावी लागते.

पडताळणी

प्रत पूर्ण झाली असे मानण्यापूर्वी तीन परीक्षा कराव्यात. पहिली, दुव्यांच्या यादीत दिसणारे प्रत्येक स्थान नव्या फोल्डरचे आहे, याची खात्री करावी. सूत्रांखेरीज परिभाषित नावे, आलेख आणि सेलमध्ये काय भरता येईल हे ठरविणारे नियम यांतही दुवे दडलेले असतात. म्हणून ‘नेम मॅनेजर’ही पाहावा. ‘इन्डायरेक्ट’ या सूत्राने रचलेला पत्ता तर या यादीत येतच नाही. शिवाय स्रोत-फाईल बंद असताना तो ‘रेफ’ ही चूक दाखवितो.

दुसरी परीक्षा सर्वांत निर्णायक आहे. जुन्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलावे आणि नव्या फाईलींचे अद्ययावतीकरण करावे. स्रोत सापडत नसल्याची तक्रार आली, तर दुवा जुन्याच जागी होता हे सिद्ध होते. खोट्या दुव्याला तुटलेल्या दुव्याचे रूप देऊन बोलावयास लावण्याची ही युक्ती आहे. तपासणी संपल्यावर फोल्डरचे नाव पूर्ववत करावे.

तिसरी परीक्षा, नव्या स्रोत-फाईलीत एका नोंदीत जाणूनबुजून बदल करावा आणि तो साखळीच्या अखेरच्या कोष्टकापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहून मूळ मूल्य परत घालावे. या तिन्ही परीक्षांना अर्धा तास पुरेसा होतो. प्रबंध सादर झाल्यावर एका चुकलेल्या बेरजेचा शोध घेण्यास किती काळ लागेल, याला मात्र मर्यादा नाही.

लाडमोड टेकाडाचा जो भाग खणला गेला, तो पुन्हा खणता येणार नाही. तेथील थरांची ग्वाही आता नोंदींच्या आणि जतन केलेल्या वस्तूंच्या आधारेच मिळते. ही गोष्ट प्रत्येक उत्खननास लागू आहे. म्हणून नोंदींची प्रत करताना आकड्यांबरोबर त्यांच्यामधील संबंधही नव्या जागी पोहोचले, हे तपासणे हा संगणक-कौशल्याचा किरकोळ तपशील नव्हे. तो पुराव्याच्या जतनाचाच एक भाग होय.